अबोलीवरचा केवडा

हळदीच्या पाण्यात चुना कालवला की पाणी लालभडक होते, हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असते. नव्या नवरीला उंबऱ्यावर ओवाळताना परातीत असते ते हेच तांबडे पाणी. कुंकूसुद्धा पूर्वी हळदीला चुना किंवा टाकणखार लावूनच करत. आमच्या आज्या-पणज्यांना आम्ल आणि अल्कली हे शब्द माहीत नव्हते, पण हळद कुठल्या संगतीत लाजते हे त्यांना पक्के कळत होते. पुढे १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत (होय, बियरवाल्यांच्याच) सोरेन्सन नावाच्या शास्त्रज्ञाने आंबटपणा मोजायची पट्टी आखली. मराठीत तिला 'सामू' असे सुटसुटीत नाव आहे. मी बी. ए. ला मराठी घेतलेला माणूस. सरकारी नोकरीत फायली हलवता हलवता हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा तो कुणाच्या तरी सामूकाकाचा उल्लेख असावा असे वाटले होते. सात म्हणजे मध्य, त्याखाली आंबट, त्यावर खारट-तुरट. आणि प्रत्येक अंक म्हणजे दहापट फरक, हे महत्त्वाचे. सहा आणि आठ यांत दोनाचा नव्हे, शंभरपटींचा फरक असतो.

या सामूशी माझी खरी ओळख झाली ती बऱ्हाणपूरला.

बऱ्हाणपूर म्हटले की आपल्याकडच्या माणसाला फार तर मुमताजमहल आठवते. १६३१ साली चौदाव्या बाळंतपणात ती इथे गेली आणि तापीपलीकडे जैनाबादला तिला काही महिने पुरले होते. इतिहासाची आवड असेल तर संभाजीराजांनी १६८१ च्या आरंभी लुटलेले बहादूरपुरा आठवेल, किंवा १७६० मध्ये उदगीरच्या लढाईनंतर हे शहर पेशव्यांकडे आले तो प्रसंग. पण या शहरात आजही मराठी बोलली जाते, हे तिथे गेल्याशिवाय कळत नाही. खानदेशी वळणाची, हिंदीची फोडणी दिलेली मराठी. 'मैं बोललो ना तुमाले' असे वाक्य तिथे सहज कानावर पडते. माझी थोरली बहीण १९९४ साली तिथे लग्न होऊन गेली. मडगावहून मंगला एक्स्प्रेसने भुसावळ आणि तिथून तासाभराची गाडी, एवढेच अंतर. पण साबांखात नोकरी असो की पंचायतीत, रजा मिळवायला जो वेळ लागतो तो प्रवासाला लागत नाही. असो.

ताईने माहेरची एकच वस्तू तिथे जिवंत ठेवली होती, ती म्हणजे अबोली. २०११ मध्ये आईने दुधाच्या पावडरीच्या डब्यात, आपल्या परसातल्या तांबड्या मातीसकट, एक रोप तिच्या हाती दिले. गोव्यात अबोली कोणी मुद्दाम लावत नाही, ती येते. चिऱ्याच्या गडग्याला लागून, न्हाणीच्या पाण्यावर, वृंदावनाच्या सावलीत. तिला वास नाही, तक्रार नाही. सणाला फाती करावी, देवीला वाहावी आणि विसरून जावे. आई २०१९ मध्ये गेली. दोन वर्षांनी घरामागचे परसू रस्त्याच्या रुंदीकरणात गेले, गडग्यासकट. तेव्हापासून आईच्या हातची म्हणावी अशी अबोली फक्त बऱ्हाणपुरात, ताईच्या गच्चीवर उरली.

आणि तीच पिवळी पडायला लागली.

२०२३ च्या नोव्हेंबरात अर्जित रजा टाकून मी गेलो, तेव्हा स्टेशनवरून घरी पोचून चहा व्हायच्या आधी ताईने मला गच्चीवर नेले. घरात भावोजींशी ती मराठी बोलते, शेजारी हिंदी, पण माझ्यापाशी अजून कोंकणीच. "पळय रे, पानां कशीं हळदुवीं जाल्यांत. आवयची आबोली मरता." एवढेच बोलली. आई गेल्यावरही ती माझ्यासमोर रडली नव्हती, तेव्हाही रडली नाही. कुंडीची कड मात्र हाताने पुसत राहिली.

उपाय सगळे करून झाले होते, आणि हीच गंमत होती. रोपवाटिकेवाल्याने युरिया दिला होता. शेजारणीने अंड्याची टरफले कुटून घालायला सांगितली, ती ताईने देवाची क्षमा मागून घातली. कोणी चुन्याची निवळी सांगितली, कोणी चुलीची राख. बऱ्हाणपूर हा केळीचा जिल्हा, तेव्हा केळीच्या साली तर होत्याच. पाणी रोज. कुंडीत एवढी माया कोंबली होती की माणूस असता तर पळून गेला असता. पिवळेपणा वाढतच होता.

माझा भाचा अभियांत्रिकीला आहे. त्याने मोबाईल काढला आणि पानांचे फोटो दाखवायला लागला. कुठल्या अन्नद्रव्याच्या अभावी पान कसे दिसते याचे इतके बारीक, इतके स्वच्छ फोटो मी कृषीखात्याच्या पुस्तिकेतही पाहिले नव्हते. नत्र कमी पडले तर असे, पालाश कमी पडले तर कडा अशा करपतात, क्षार जास्त झाले तर टोके अशी जळतात. फक्त पान ओळखीचे वाटेना. लांबट, करवतीसारखी दातेरी बोटे पसरलेले.

"हें कसलें पान रे?" ताईने विचारले.

भाचा थोडा चाचरला. "गांजाचं."

"आवयचे आबोलेक गांज्याचें वखद दितलो तूं?" ताईचा आवाज खालच्या मजल्यावर भावोजींपर्यंत गेला. पुढची दहा मिनिटे आम्ही दोघे तिला समजावत होतो की घरात काही आणलेले नाही, पोलीस येणार नाहीत. "मामा, रोग पानाचा बघायचाय, पान कोणाचं ते सोड ना," हे भाच्याचे म्हणणे मला तर्काला धरून वाटले.

कारण साधे आहे. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून गांजा कायदेशीर झाला आणि बहुतेक प्रांतांत घरी चार रोपे लावायची मुभा मिळाली. अमेरिकेच्या अनेक राज्यांतही तसेच. चारच रोपे, तीही कुंडीत, घराच्या आत. मग माणूस त्यांच्याकडे जावळ काढायच्या बाळासारखे बघतो. एक पान वाकडे झाले की फोटो, दुसऱ्याचा सल्ला, मातीचा सामू, पाण्याचा सामू. नशेसाठी का होईना, पण कुंडीतल्या झाडाच्या अन्नद्रव्यांचा एवढा काटेकोर अभ्यास घरगुती पातळीवर कोणी केला नसेल. आपल्याकडे हे रोप लावणे हा अमली पदार्थविषयक १९८५ च्या कायद्याखाली गुन्हा आहे, एक कुंडी असली तरी. त्याच कायद्यात गांजाची व्याख्या फुलोऱ्याची आहे, नुसत्या पानांची नाही. म्हणून भांग त्यातून निसटते आणि मध्य प्रदेशात तिची परवानाधारक दुकाने दिसतात. कायद्याचे हे असले कोपरे वाचताना आम्हा कारकुनांना जो आनंद होतो तो इतरांना कळायचा नाही.

ताईचा राग उतरावा म्हणून मी तिला सांगितले की तुझ्या सासरचा मुलूख एकेकाळी याच पिकासाठी सरकारदरबारी नोंदलेला होता. बऱ्हाणपूर स्वतंत्र जिल्हा झाला तो २००३ मध्ये, त्याआधी ते निमाडात, खांडव्याच्या हाताखाली. इंग्रजांच्या मध्य प्रांतात गांजाची परवान्याची लागवड होत असे ती निमाडात, खांडव्याच्या भागात. १८९३ मध्ये सरकारने हिंदुस्थानातल्या गांजा-भांगेच्या चौकशीसाठी मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. आयोगाने हजाराहून अधिक साक्षी घेतल्या आणि १८९४ मध्ये अहवाल दिला. बंगालातले नौगाव, आपल्या मराठी मुलखातले अहमदनगर आणि हे खांडवा ही त्या अहवालातली मोठी नावे. माफक सेवनाने फारसे नुकसान होत नाही, तेव्हा बंदी नको, कर आणि नियंत्रण ठेवा, असा त्यांचा निष्कर्ष होता. महसुलाचा विचार त्यात नव्हता असे कोणी म्हणणार नाही. त्या शेतांत नर झाडे शोधून उपटून टाकायची, म्हणजे मादीच्या फुलोऱ्यात बी धरत नाही, हे मोठे कसबाचे काम असे. झाड वाचणारी माणसे तेव्हाही होती.

आणि गोव्याने तरी नाक मुरडू नये. हणजुणेच्या हिप्पींच्या चारशे वर्षे आधी, १५६३ साली, गार्सिया द ओर्ताने गोव्यातच छापलेल्या औषधी वनस्पतींच्या ग्रंथात भांगेवर एक अख्खा संवाद आहे. पणजीतल्या ज्या बागेत आपण चणे खात बसतो तिला त्याचेच नाव आहे. ताईने हे सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "बरें. पूण फोटो फाटल्यान कर." म्हणजे फोटो नंतर बघ, आधी जेव.

जेवण झाल्यावर भर उन्हात आम्ही अबोलीची पाने बघितली. बघायचे म्हणजे काय, तर पहिला प्रश्न एकच: पिवळे कोणते पान, जुने की नवे?

झाडाला लागणारी काही द्रव्ये फिरती असतात. नत्र, पालाश, मॅग्नेशियम ही त्यांतली. ती कमी पडली की झाड खालच्या, जुन्या पानांतली काढून वरच्या कोवळ्या पानांना देते. म्हणजे जुने पिवळे पडते, नवे हिरवे राहते. घरात भात कमी असला की आई ज्या हिशेबाने वाढायची, तोच हिशेब. नत्र गेले तर जुने पान सरसकट फिकटते. मॅग्नेशियम गेले तर शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा होतो, पण तोही जुन्याच पानांत. लोहाचे तसे नाही. लोह एकदा ज्या पानात बसले तिथून हलत नाही. कितीही वाटले तरी जुने पान नव्याला ते देऊ शकत नाही. त्यामुळे लोह तुटले की शेंड्याचे कोवळे पान पिवळे येते, शिरांचे जाळे तेवढे हिरवे, आणि फारच झाले तर पान पांढुरके. खालची पाने तोपर्यंत खुशाल हिरवीगार.

आईची अबोली अगदी अशीच होती. खाली हिरवी, शेंड्याला हळदुवी, प्रत्येक पानावर हिरव्या रेघांची जाळी. भावोजींच्या ओळखीचे एक केळीवाले शेतकरी संध्याकाळी आले. त्यांनी लांबूनच बघितले आणि म्हणाले, "केवडा पडला की हो हिच्यावर." उसावर, मोसंबीवर असा पिवळेपणा आला की महाराष्ट्रातले शेतकरीही हाच शब्द वापरतात. एका फुलाच्या रोगाला दुसऱ्या फुलाचे नाव, हे मला फार आवडले. फोटोंवरून अर्धा तास काथ्याकूट करून आम्ही पोचलो होतो तिथे ते चप्पल काढता काढता पोचले.

पण लोह तुटले म्हणजे मातीत लोह नाही असे नव्हे. काळी माती बेसॉल्टच्या खडकाची, लोह तिच्यात रगड. फक्त ते कुलुपात असते. मातीत चुनखडी असली, सामू साडेसातच्या वर गेला की लोह गंजासारखे घट्ट होऊन बसते. सामू एका अंकाने चढला की मातीच्या पाण्यात विरघळलेले फेरिक लोह सुमारे हजार पटींनी घटते. आपली गोव्याची चिऱ्याची माती आंबट, तिच्यात हे कुलूप लागत नाही. म्हणून गडग्यालगतची अबोली बिनतक्रार फुलते, आणि तीच बऱ्हाणपुरात उपाशी राहते, भरल्या ताटावर.

खात्री करायला आम्ही घरगुती प्रयोग केले. जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात कुस्करून रंग काढला. लिंबू पिळले तर तो गुलाबी होतो, सोडा घातला तर हिरवट. ताईच्या नळाच्या पाण्याने त्याला हिरवट झाक आली. कुंडीतली चमचाभर कोरडी माती बशीत घेऊन लिंबू पिळले तर बारीक बुडबुडे आले, म्हणजे चुना. मग भाच्याने रसायनांच्या दुकानातून सामूच्या पट्ट्या आणल्या आणि पेट्रोल पंपावरून बॅटरीचे पाणी. माती एक भाग, पाणी अडीच भाग, ढवळून अर्धा तास निवत ठेवायचे. पट्टी आठाच्या आसपास थांबली. त्या शेतकऱ्यांच्या मृदा आरोग्य पत्रिकेवरही ८.१ हाच आकडा होता. ही पत्रिका २०१५ पासून देशभर देतात, तिच्यात सामूसकट बारा गोष्टी मोजलेल्या असतात. सरकारी कागद इतका उपयोगी पडलेला पाहून माझी मान ताठ झाली.

आता सगळा उलगडा झाला. आईने दिलेल्या तांबड्या मातीत अबोली दहा वर्षे तगली. २०२२ मध्ये ताईने प्रेमाने तिला मोठ्या कुंडीत हलवले, कुंडी सिमेंटची, माती शेतातली काळी. वरून चुन्याची निवळी, राख आणि टरफले, म्हणजे आणखी चुना. आणि रोजचे पाणी.

पाण्याची गोष्ट बघायची तर बऱ्हाणपूरच्या कुंडी भंडाऱ्यात उतरावे. १६१५ च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखानाच्या काळात, तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकाराने सातपुड्यातून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यांनी शहरात आणले. वर ओळीने शंभरेक कुंड्या, म्हणजे विहिरींसारखी तोंडे. लिफ्टने खाली गेलो की पाणी पायाशी वाहताना दिसते, आणि बोगद्याच्या भिंतींवर पांढरे थर. पाण्यातला चुना चारशे वर्षे तिथे बसतो आहे. मार्च २०२४ मध्ये हे ठिकाण युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेले, ते योग्यच झाले. मी मात्र खाली उभा राहून त्या पांढऱ्या थराकडे बघत अबोलीचाच विचार करत होतो. कुंडी भंडाऱ्याच्या भिंतीवर जे घडले तेच ताईच्या कुंडीत, लहान प्रमाणात.

उपचाराचे थोडक्यात सांगतो, कुणाला उपयोग झाला तर झाला. युरिया, राख, चुना बंद. मुळे तपासून, कुजकी नाहीत हे बघून, झाड मातीच्या कुंडीत हलवले. काळी माती थोडीच, बाकी कुजलेला पालापाचोळा, रेती आणि शेणखत. पाण्यात चिमटीने लिंबूसत्त्व, तेही पट्टी साडेसहाच्या आसपास येईपर्यंतच. आमसुलाचे आगळ घालू का, असे ताईने विचारले होते, पण त्यात मीठ असते, तेव्हा नको. पानांवर हिराकशीची फवारणी, लिटरला पाच ग्रॅम आणि किंचित लिंबूसत्त्व, ऊन उतरल्यावर. हिराकस नुसती मातीत टाकली तर चुना तिलाही कुलूप लावतो. मातीत द्यायचे तर चिलेट केलेले लोह. दुकानदार हमखास 'ईडीटीए'चे पाकीट देतो, पण सामू चढा असलेल्या मातीत ते टिकत नाही, 'ईडीडीएचए'चे मागावे लागते, महाग असले तरी. आणि पिवळी झालेली पाने पुन्हा पूर्ण हिरवी होतील अशी आशा धरू नये. नवे पान कसे येते तेवढेच बघावे.

एक गोष्ट मात्र त्या शेतकऱ्यांनी बजावून सांगितली. प्रत्येक पिवळे पान खताने बरे होत नाही. २०२० च्या पावसाळ्यात रावेर-बऱ्हाणपूर पट्ट्यात केळीवर कुकुंबर मोझॅक विषाणू आला. खानदेशात त्याला हरण्या म्हणतात. पानांवर पिवळे पट्टे. सुरुवातीला त्यांना वाटले सूक्ष्म अन्नद्रव्ये कमी पडली, म्हणून त्यांनी फवारण्या केल्या. त्यात गेलेल्या दिवसांत माव्याने तो शेजारच्या ओळीत नेला. शेवटी उभी झाडे उपटून पुरावी लागली. "नीट बघायला आठ दिवस उशीर झाला साहेब, आणि बाग गेली," ते म्हणाले. हे सांगताना ते अबोलीकडे बघत होते, माझ्याकडे नाही. विषाणूचे पट्टे शिरांची शिस्त पाळत नाहीत, कुठूनही कसेही जातात. तुटीचे पिवळेपण बहुधा शिरा धरून, पानाच्या दोन्ही बाजूंना सारखे येते. हे त्यांनी मला केळीचे पान हातात देऊन शिकवले.

मी परत आलो. तिसऱ्या आठवड्यात ताईने फोटो पाठवला. शेंड्याला दोन पाने, बोटाच्या पेराएवढी, हिरवी. खाली काही लिहिले नव्हते. पुढच्या पावसाळ्यात तिने गच्चीवर पिंप ठेवून पागोळ्यांचे पाणी धरायला सुरुवात केली, अबोलीला तेवढेच देते. भावोजींना त्या पाण्याला हात लावायची परवानगी नाही. भाच्याच्या पट्ट्यांची वही आता तीच लिहिते, तारीख आणि आकडा, आईच्या दूधवाल्याच्या हिशेबासारखी. शेजारणीचा मोगरा पिवळा पडला तेव्हा तिने आधी विचारले म्हणे, "नया पत्ता कि पुराना?"

गेल्या महिन्यात माझ्या कचेरीच्या पत्त्यावर एक पाकीट आले. आत वर्तमानपत्राची पुडी, तिच्यात अबोलीची वाळलेली कणसे. शेंगा कोरड्या असतात तोवर मुकाट राहतात, पाण्याचा थेंब लागला की फटकन फुटून बी उडवतात. लहानपणी आम्ही त्या थुंकी लावून एकमेकांच्या मानेत टाकायचो. पुडीवर ताईने पेनाने लिहिले होते: "घरा पावल्याशिवाय उदक लावं नाका."